पत्ता कुठे तोडायचा?

मु. पो. नारायणगाव, ता. जुन्नर, जि. पुणे, ४१०५०४

पतसंस्था, शाळा, गृहनिर्माण संस्था, देवस्थान, ग्रंथालय, कुणाचीही यादी उघडा, एका सेलमध्ये असा अख्खा पत्ता कोंबलेला दिसेल. टपाल पाठवायचं तर तो तसाच चालतो. पण अध्यक्ष विचारतात, ‘जुन्नर तालुक्यातले सभासद किती?’ आणि तिथं काम अडतं. गाव एका कॉलमात, तालुका दुसऱ्यात, जिल्हा तिसऱ्यात आणि पिन चौथ्यात असं झाल्याशिवाय ना फिल्टर लागत, ना मोजदाद होत. शंभर-दीडशे ओळी असतील तर माणूस हाताने कॉपी-पेस्ट करत बसतो. पाच हजार असतील तर फॉर्म्युला शिकावाच लागतो.

एक्सेलला गाव आणि तालुका यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी हा पत्ता म्हणजे एकापाठोपाठ ठेवलेल्या चिन्हांची माळ. त्यात आपल्याला आधार मिळतो तो एकाच गोष्टीचा: दोन माहितींच्या मध्ये कुणीतरी ठेवलेलं चिन्ह. इथं तो स्वल्पविराम आहे. कुठे रेघ असते, कुठे तिरकी रेघ, कुठे नुसती मोकळी जागा. या विभाजक चिन्हापाशी मजकूर तोडायचा, एवढंच या प्रकरणाचं काम. फॉर्म्युल्यांतली फंक्शनांची नावं आणि आकडे इथं देवनागरीत छापले आहेत. पडद्यावर ते इंग्रजी लिपीत टाइप करायचे. पत्ता ए२ या सेलमध्ये आहे असं धरू.

सर्वांत जुना आणि कुठल्याही आवृत्तीत चालणारा मार्ग असा:

=लेफ्ट(ए२, फाइंड(",", ए२)-१)

फाइंड हे फंक्शन पहिला स्वल्पविराम कितव्या जागी आहे ते सांगतं. लेफ्ट त्याच्या एक जागा आधीपर्यंतचा मजकूर कापून देतं. उत्तर येतं ‘मु. पो. नारायणगाव’. आता नुसता फाइंड वेगळ्या सेलमध्ये लिहून बघा. तो सांगेल १८. बोटावर मोजून बघितलं तर नारायणगाव संपेपर्यंत ठिपके आणि मोकळ्या जागा धरूनही बाराच भरतात, म्हणजे स्वल्पविराम तेरावा. मग अठरा कसे?

मराठीत काम करणाऱ्याने इथं थांबलंच पाहिजे, कारण इंग्रजी उदाहरणांवर बेतलेल्या शिकवण्या हा मुद्दा सांगत नाहीत. युनिकोडमध्ये ‘मु’ हे एक चिन्ह नाही. ‘म’ एक आणि त्याचा उकार दुसरा. ‘ना’ म्हणजे न आणि काना. जोडाक्षर असेल तर मधला हलन्तसुद्धा वेगळा धरला जातो. ‘ज्ञानेश्वर’ वाचताना डोळ्याला चार अक्षरं दिसतात. लेन फंक्शन दहा सांगतं. यात एक्सेलचं काही चुकत नाही. मजकूर आत जसा साठवला आहे तसा ते मोजतं. चूक होते ती आपण डोळ्याने मोजलेला आकडा फॉर्म्युल्यात घालतो तेव्हा.

याचं सर्वांत ठळक उदाहरण आद्याक्षरांचं आहे. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे या नावातल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर लेफ्ट(…, १) ने काढून नाव आखूड करायला गेलात तर ‘पु. ल.’ मिळत नाही, ‘प. ल.’ मिळतं. उकार मागेच राहतो. ‘लक्ष्मण’ची पहिली तीन अक्षरं मागितली तर हाती ‘लक्’ येतं, क्ष अर्धवट तुटतो. शाळेच्या हजेरीपत्रकावर किंवा ओळखपत्रावर असं नाव छापलं जाणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. ते माणसाचं नाव आहे. म्हणून देवनागरी मजकूर जागा मोजून तोडू नये, चिन्ह शोधून तोडावा. स्वल्पविरामापाशी केलेला काप कधीही अक्षराच्या पोटातून जात नाही.

मोजून तोडणं योग्य ठरतं अशाही जागा आहेत. बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड नेहमी अकरा चिन्हांचा असतो. पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, उरलेली सहा शाखेची. त्यात विभाजक नसतोच आणि लांबीही बदलत नाही, म्हणून तिथं लेफ्ट आणि राइट निर्धास्त वापरावेत. पिनकोडही असाच. टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू केला आणि त्याची रचना केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड चारच्या विभागात येतात. नेहमी सहाच आकडे, म्हणून राइट(ए२, ६) पुरेसं वाटतं. पण बरेच जण पिन ‘४१० ५०४’ असा मध्ये जागा सोडून लिहितात आणि मग हाती ‘१० ५०४’ येतं. आधी सबस्टिट्यूटने मोकळ्या जागा काढून मग उजवीकडचे सहा घ्यावेत:

=राइट(सबस्टिट्यूट(ए२, " ", ""), ६)

पहिला तुकडा सोपा असतो. खरी दमछाक मधल्या तुकड्यांची. दुसरा स्वल्पविराम शोधायचा तर फाइंडच्या पोटात फाइंड, तिसऱ्यासाठी त्याच्याही पोटात आणखी एक. चौथ्या तुकड्यापर्यंत फॉर्म्युला एवढा लांबतो की आठवड्याने लिहिणाऱ्यालाही तो वाचता येत नाही. स्प्रेडशीटचा जन्मच हिशेबासाठी झाला. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिसिकॅल्क १९७९ मध्ये आलं ते ॲपल टू या संगणकावर बेरजा-वजाबाक्या करायला. एक्सेल १९८५ मध्ये आधी मॅकिंटॉशवर आलं. पण मजकूर चिन्हापाशी तोडून देणारं थेट फंक्शन एक्सेलमध्ये यायला २०२२ साल उजाडलं. मधल्या सदतीस वर्षांत लोकांनी जुन्या फंक्शनांतूनच वाट काढली. त्यातली एक युक्ती इतकी सुंदर आहे की नवी फंक्शनं हाताशी असली तरी ती समजून घ्यावी:

=ट्रिम(मिड(सबस्टिट्यूट(ए२, ",", रेप्ट(" ", लेन(ए२))), (३-१)*लेन(ए२)+१, लेन(ए२)))

यातला ३ म्हणजे तिसरा तुकडा. रेप्ट मोकळ्या जागांची एक लांबलचक पट्टी तयार करतं, अख्ख्या पत्त्याइतक्या लांबीची. सबस्टिट्यूट प्रत्येक स्वल्पविराम काढून तिथं ही पट्टी बसवतं. पंगतीत दोन पानांमध्ये ऐसपैस अंतर सोडावं तसे तुकडे आता एकमेकांपासून लांब जाऊन बसतात. मग मिड पत्त्याच्याच लांबीची एक खिडकी उघडतं: पहिल्या तुकड्यासाठी पहिली, तिसऱ्यासाठी तिसरी. सगळे तुकडे मिळूनही पत्त्यापेक्षा लांब होऊ शकत नाहीत, म्हणून तिसरा तुकडा तिसऱ्या खिडकीच्या बाहेर जातच नाही आणि शेजारचा तिच्यात शिरत नाही. शेवटी ट्रिम आजूबाजूच्या मोकळ्या जागा झाडून टाकतं. उत्तर: ‘जि. पुणे’. कार्यालयातल्या संगणकावर एक्सेल २०१०, २०१६ किंवा २०१९ असेल तर आजही हाच फॉर्म्युला कामाला येतो. इंटरनेटवर मिळणाऱ्या फॉर्म्युल्यांत लेन(ए२) च्या जागी बहुधा १०० लिहिलेलं असतं. आपले पत्ते सहज शंभर चिन्हांच्या पुढे जातात, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात म्हणून तर नक्कीच. तिथं लेन(ए२) च ठेवा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२४ असेल तर तीन फंक्शनं हाताशी असतात: टेक्स्टस्प्लिट, टेक्स्टबिफोर आणि टेक्स्टआफ्टर. एक्सेल २०२१ विकत घेतलेल्यांकडे ती नाहीत. पहिलं अगदी सरळ आहे:

=टेक्स्टस्प्लिट(ए२, ",")

एका सेलमध्ये लिहिलं की चारही तुकडे उजवीकडच्या सेलमध्ये आपोआप सांडतात. उजवीकडच्या सेलमध्ये आधीच काही लिहिलेलं असेल तर #स्पिल! अशी चूक येते. ते सेल रिकामे केले की काम होतं. एकाहून अधिक चिन्हं महिरपी कंसात देता येतात. एका सेलमध्ये ऑल्ट-एंटर मारून खाली-खाली लिहिलेला पत्ता असेल तर विभाजक म्हणून कॅर(१०) द्यायचा.

मात्र पत्त्यांसाठी टेक्स्टस्प्लिट हे उत्तम हत्यार नाही, असं माझं ठाम मत आहे. यादीतली पुढची ओळ बघा:

जि. प. शाळेजवळ, मु. पो. मंचर, ता. आंबेगाव, जि. पुणे, ४१०५०३

नारायणगावच्या पत्त्यात तीन स्वल्पविराम होते, यात चार आहेत. डावीकडून मोजत तोडलं की गावाच्या कॉलमात ‘जि. प. शाळेजवळ’ येतं, तालुक्याच्या कॉलमात मंचर आणि जिल्ह्याच्या कॉलमात आंबेगाव. एकही चूक दाखवली जात नाही. आकडेवारी मात्र बिघडते. मराठी पत्त्याचा आरंभ बेभरवशाचा असतो: कुणी घराचं नाव लिहितो, कुणी गल्ली, कुणी ‘मारुती मंदिरामागे’. शेवट मात्र बहुतेकांचा सारखाच असतो. म्हणून पत्ता शेपटाकडून मोजावा. टेक्स्टआफ्टरला कितवं चिन्ह हे सांगताना उणे आकडा दिला की ते मागून मोजतं:

=ट्रिम(टेक्स्टआफ्टर(ए२, ",", -१))

शेवटच्या स्वल्पविरामानंतरचा मजकूर, म्हणजे पिन. दोन्ही ओळींत बरोबर येतो.

याहून चांगली सोय आपल्या पत्त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. विभाजक म्हणजे एकच चिन्ह असायला हवं असा नियम नाही. अख्खा शब्दही चालतो. आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या पत्त्यात ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ लिहीत आलो आहोत. पुढे काय येणार ते ही संक्षेपाक्षरं आधीच सांगतात. स्वल्पविराम फक्त ‘इथं काहीतरी संपलं’ एवढंच सांगतो, ‘ता.’ सांगतं की पुढे तालुका आहे. तेव्हा तालुका असा काढावा:

=ट्रिम(टेक्स्टबिफोर(टेक्स्टआफ्टर(ए२, "ता."), ","))

‘ता.’ नंतरचं सगळं घ्या, त्यातलं पहिल्या स्वल्पविरामापर्यंतचं ठेवा. आधी शाळा लिहिलेली असो, मारुती मंदिर असो की काहीच नसो, पहिल्या ओळीत जुन्नर येतं आणि दुसरीत आंबेगाव. जुन्या आवृत्तीत हेच काम मिडने होतं:

=ट्रिम(मिड(ए२, फाइंड("ता.", ए२)+लेन("ता."), फाइंड(",", ए२, फाइंड("ता.", ए२))-फाइंड("ता.", ए२)-लेन("ता.")))

इथं लेन("ता.") च्या जागी डोळ्याने मोजून २ लिहिलं, तर उत्तरात ‘. जुन्नर’ असा ठिपका चिकटून येतो. त, काना आणि ठिपका मिळून तीन होतात. मोजायचं काम लेनवर सोपवलं की प्रश्नच उरत नाही.

जिल्हा काढताना मंचरच्या ओळीत एक अडचण आहे. ‘जि.’ तिथं दोनदा येतं, पहिलं जिल्हा परिषदेचं. पहिलं पकडलं तर जिल्हा म्हणून ‘प. शाळेजवळ’ मिळेल. इथंही शेवटचं ‘जि.’ मागायचं:

=ट्रिम(टेक्स्टबिफोर(टेक्स्टआफ्टर(ए२, "जि.", -१), ","))

आणि ज्यात ‘ता.’ लिहिलेलंच नाही, असा पत्ता? ‘मु. पो. जुन्नर, जि. पुणे, ४१०५०२’. तालुक्याचं गाव असलं की लोक तालुका गाळतात. आपला फॉर्म्युला तिथं #एन/ए दाखवतो. जुन्या मार्गाने #व्हॅल्यू! येतं. पुष्कळ जण लगेच इफएररने ही चूक झाकून रिकामी जागा दाखवतात. तसं करू नये. स्वल्पविराम मोजणाऱ्या फॉर्म्युल्याने याच ओळीत तालुक्याच्या कॉलमात ‘जि. पुणे’ गुपचूप बसवलं असतं. दिसणारी चूक फिल्टर करून हाताने दुरुस्त करता येते. न दिसणारी चूक थेट अहवालात जाते.

गुगल शीट्समध्ये स्प्लिट नावाचं फंक्शन आहे आणि तीन बाबतींत ते एक्सेलहून उलट वागतं. विभाजक म्हणून स्वल्पविराम आणि मोकळी जागा मिळून ", " दिलं तर ते या दोन्ही चिन्हांपाशी वेगवेगळं तोडतं. ‘ता.’ एका कॉलमात आणि ‘जुन्नर’ दुसऱ्यात जातं. हे टाळायला तिसऱ्या जागी फॉल्स लिहावं लागतं. दुसरी बाब अधिक घातक आहे. दोन स्वल्पविरामांच्या मध्ये काहीच नसेल, म्हणजे एखादी माहिती रिकामी सोडली असेल, तर स्प्लिट ती रिकामी जागा टाकून देतं आणि पुढचे सगळे तुकडे एक कॉलम डावीकडे सरकतात. चौथ्या जागीही फॉल्स लिहिलं की रिकामी जागा टिकते. एक्सेलचं टेक्स्टस्प्लिट रिकामी जागा मुळातच राखून ठेवतं. शिवाय स्प्लिट आकड्यासारख्या दिसणाऱ्या तुकड्याचा आकडा करून टाकतं. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१ असा तोडला की आरंभीचं शून्य जातं आणि २३१ उरतात. एक्सेलचं टेक्स्टस्प्लिट तुकडे मजकूर म्हणूनच ठेवतं. त्यांची बेरीज करायची असेल तर व्हॅल्यू लावावं लागतं.

फॉर्म्युल्याविना तोडायची सोयही आहे. डेटा या टॅबमधलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ एकदाच करायच्या कामाला झटपट पडतं. पण मूळ पत्ता बदलला तर त्याचे तुकडे बदलत नाहीत. आणि शेतजमिनीच्या याद्या त्यातून काढताना जपावं लागतं. गट नंबर १२/३ त्यात तारीख बनून बसतो, १२ मार्च. शेवटच्या पायरीवर त्या कॉलमासाठी ‘जनरल’ ऐवजी ‘टेक्स्ट’ निवडलं की गट नंबर गट नंबरच राहतो. एकदा तारीख झाली की नुसतं फॉरमॅट बदलून तो परत येत नाही, एक पाचआकडी संख्या दिसते.

आता विभाजक चिन्हाविषयीच. फॉर्म्युला बरोबर असूनही तुटत नाही, अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा चिन्ह दिसतं तसं नसतं. वेबपेजवरून उचललेल्या मजकुरात मोकळी जागा असते ती अनेकदा साधी नसून क्रमांक १६० ची, न तुटणारी जागा असते. डोळ्याला फरक कळत नाही, ट्रिमही तिला हात लावत नाही. आधी तिची साधी जागा करून घ्यावी:

=सबस्टिट्यूट(ए२, युनिकॅर(१६०), " ")

रेघेचा प्रश्न वेगळा. ‘पुणे - ४१०५०४’ असं लिहिणारे असतात, म्हणून रेघेपाशीही तोडावंसं वाटतं. पण मग पिंपरी-चिंचवडचे दोन भाग होतात, कल्याण-डोंबिवलीचेही. दोन्ही बाजूंना मोकळी जागा असलेली रेघ " - " हाच विभाजक धरावा. रकमा असलेल्या यादीत स्वल्पविरामच दगा देतो, कारण आपण सव्वा लाख १,२५,००० असे लिहितो आणि त्याचे तीन तुकडे पडतात. अशा यादीत माहिती भरतानाच वेगळं चिन्ह ठरवावं. उभी रेघ चांगली, ती नावात, पत्त्यात, रकमेत कुठेच येत नाही.

जुन्या फाइलींत याहून मोठा गोंधळ असतो. कृतीदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी आत इंग्रजी चिन्हंच असतात. कृतीदेवमध्ये ‘ए’ हे अक्षर साठवलं जातं ते स्वल्पविरामाच्या चिन्हाने, आणि पडद्यावर दिसणारा स्वल्पविराम आत चौकटी कंस असतो. अशा यादीवर स्वल्पविरामाचा फॉर्म्युला लावला तर तो प्रत्येक ‘ए’पाशी तोडेल. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मगच तोडायला घ्या. सहकारी संस्थांच्या आणि ग्रामपंचायतींच्या जुन्या नोंदी अजून अशा फाइलींत अडकलेल्या आहेत, आणि त्या वेळीच युनिकोडमध्ये आणणं हे फॉर्म्युले शिकण्यापेक्षाही निकडीचं काम आहे.

नावं तोडण्याबद्दल थोडंच सांगतो. मोकळ्या जागेपाशी तोडून नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन कॉलम करता येतात, पण यादीत आडनाव आधी आहे की शेवटी हे आधी बघावं. शाळेच्या आणि शासनाच्या याद्यांत ते बहुधा आधी असतं. ‘पु. ल. देशपांडे’चे तीन तुकडे पडतात, ‘पु.ल. देशपांडे’चे दोन. गोव्यातल्या ‘दा कॉस्ता’ या आडनावातच मोकळी जागा आहे. खरोखर गरज नसेल तर नाव अख्खंच राहू द्यावं.

यादी हातात आली की पहिला फॉर्म्युला तोडण्याचा लिहू नका, मोजण्याचा लिहा:

=लेन(ए२)-लेन(सबस्टिट्यूट(ए२, ",", ""))

स्वल्पविरामासह लांबी उणे स्वल्पविरामाविना लांबी, म्हणजे त्या ओळीतले स्वल्पविराम. हा कॉलम खालपर्यंत ओढा आणि फिल्टर लावा. तीन असलेल्या ओळी किती, दोन असलेल्या किती, पाच असलेल्या किती, हे एका नजरेत कळेल आणि कुठल्या ओळी हाताने बघाव्या लागतील तेही. मग तोडायला घ्या, आणि तुकडे पडल्यावरही मूळ पत्त्याचा कॉलम पुसू नका. तो लपवून ठेवा.